‘किरकोळ’ लिहिलेलं पुडकं

खोली बघायला गेले तेव्हा टीचरम्मांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, घरात अंडं शिजवणार का हेही विचारलं नाही. चेन्नईत एकटीनं खोली शोधणाऱ्या मुलीला हे प्रश्न पाठ असतात, आणि मी उत्तरं जुळवूनच गेले होते. बाईंनी दार अर्धंच उघडलं, माझ्या कोल्हापुरी चपलांकडे बघितलं आणि मराठीत, पण तमिळ हेलात विचारलं,

“जुन्या कागदांत रस आहे की तुला?”

“नाही.”

“इतिहासात?”

“दहावीला पंचेचाळीस मार्क होते.”

“पद्यं, नाटकं वाचतेस?”

“वेळच होत नाही.”

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. “सरि,” त्या म्हणाल्या, म्हणजे तमिळमध्ये ‘बरं’. “मग सामान आण.”

मी तेव्हा गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करत होते. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनायचे. प्रत्येक पेटीतले काही उचलायचे, मापात बसत नसतील तर पेटी परत पाठवायची. मिरजेहून येऊन चार महिने झाले होते. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं ते घर मला सोयीचं वाटलं, कारण तिथून गिंडीला थेट गाडी होती आणि घरमालकीण मराठी बोलत होती. ते मराठी माझ्या ओळखीचं नव्हतं, हे नंतर कळलं. ‘सगळं’ला त्या ‘अस्कं’ म्हणायच्या, ‘काय केलंस’ला ‘काय कर्लीस’, आणि बोलता बोलता तमिळ बायकांसारखं ‘मा’ जोडायच्या. घराणं तंजावरचं. तिथे मराठ्यांचं राज्य असताना गेलेली माणसं तिथलीच होऊन गेली, आणि पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्र न बघता घरात मराठी बोलत राहिली. टीचरम्मा जन्मात एकदाच पुण्याला गेल्या होत्या आणि तीन दिवसांत परतल्या होत्या. “तिथं अस्के मला विचारत होते, तुमचं मराठी असं का. मी विचारलं, तुमचं असं का. कोणाला सांगता येईना.”

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गल्लीतही त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, सगळे टीचरम्माच म्हणत. जवळच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तमिळ माध्यमात इतिहास शिकवला होता, जन्मभर. त्यामुळे फुलवालीपासून बँकेतल्या मॅनेजरबाईंपर्यंत निम्मा भाग त्यांचा विद्यार्थी. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, “पुरावा पटला नाही.”

संशय हा त्यांचा स्वभाव होता की शिस्त, हे मला शेवटपर्यंत नीट ठरवता आलं नाही. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस दर दोन महिन्यांनी तोच असायचा. तरी त्या त्याचं ओळखपत्र मागून घेत, वहीतल्या मागच्या नोंदीशी ताडून बघत, आणि मगच त्याला ताक देत. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजचा दिनविशेष छापलेला असे. चूक सापडली की त्या कॅलेंडर छापणाऱ्यांना पोस्टकार्ड टाकत. उत्तर कधी आलं नाही. “म्हणजे त्यांना ठाऊक आहे,” असा त्यांचा निष्कर्ष.

रस नाही म्हटल्यावर मला खोली का मिळाली, हे कळायला पावसाळा यावा लागला. भिंतीला ओल आली होती आणि मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट सरकवायला त्यांना माणूस हवा होता. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. त्यांनी ते उघडलं तेव्हा वेखंडाचा उग्र वास आला. आत सुती फडक्यांत बांधलेली पुडकी होती, प्रत्येकावर चिठ्ठी. एका खणात मात्र काहीच नव्हतं. तो पुसून स्वच्छ ठेवलेला होता.

“इथलं कुठे गेलं?” मी सहज विचारलं.

त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं आणि मग सांगितलं. त्या कॉलेजात असताना तिकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, एक अभ्यासक आले होते. गोड बोलायचे. आठ दिवस या घरी जेवले. तंजावरच्या मराठीचं कौतुक करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जाताना एक पुडकं घेऊन गेले. झेरॉक्स काढून परत पाठवतो म्हणाले, आमच्याकडे सुरक्षित राहील म्हणाले. टीचरम्मांचे वडील, त्या अप्पा म्हणायच्या, पुढची सहा वर्षं पोस्टमनच्या वेळेला ओसरीवर येऊन बसत. मग ते गेले.

“रस असलेला माणूस घरात घ्यायचा नाही,” टीचरम्मा म्हणाल्या. “ज्याला रस नाही तो निदान काही नेत नाही.”

आणि तरी या बाईंचं सगळं आयुष्य लोकांना रस लावण्यातच गेलं होतं, ही त्यांची अडचण होती. आपल्याकडे जे लिहिलं गेलं ते आपल्या पोरांनी वाचलं पाहिजे, हा त्यांचा एकच धोशा. दर जूनमध्ये त्या एका कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज लिहीत: या मातीत तमिळमध्ये, तेलुगूत, मराठीत जे हातानं लिहिलेलं पडलं आहे, त्यातलं एक पान तरी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावा. प्राचार्य चार झाले, अर्ज तोच. “दुसरा येऊन सांगतो तुम्ही कोण होतात, आणि आपण टाळ्या वाजवतो,” त्या म्हणायच्या. “तो खरं सांगतो की खोटं, ते कळायला तरी वाचायला पाहिजे.”

अभिमान या शब्दावर त्यांचा विशेष राग. वर्गात मुलीनं निबंधात ‘मला अभिमान आहे’ लिहिलं की त्या खाली लिहीत, ‘आधी वाच.’

त्यामुळे मराठी मंडळाचे चिटणीस जेव्हा घरी आले, तेव्हा मी वरच्या खोलीतून खाली येऊन बसले. काहीतरी बघायला मिळणार असं वाटलं होतं. चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, नीटनेटके, बोलण्यात आर्जव. मंडळाला रविवारचा वर्ग सुरू करायचा होता. पेरुंगुडीकडे आयटीतली मराठी कुटुंबं वाढली होती, त्यांची मुलं घरात इंग्रजी आणि खाली खेळताना तमिळ बोलत होती, आणि आईबापांना काळजी लागली होती.

“आपलं साहित्य, आपला इतिहास मुलांना कळायला हवा, बाई,” चिटणीस म्हणाले. “तुमच्याइतकं योग्य दुसरं कोण?”

“आपलं म्हणजे कोणाचं?”

“म्हणजे… आपलं. मराठी माणसाचं.”

“माझी आजी मराठीत बोलायची, तेलुगूत गायची, तमिळमध्ये भांडायची. त्यातलं कुठलं आपलं?”

चिटणीस हसले. टीचरम्मा हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी होकार दिला, पण अट घातली की पहिले सहा महिने भाषण नाही, पोशाख नाही, कार्यक्रम नाही. नुसतं वाचायचं.

नऊ मुलं आली. मंडळाच्या कार्यालयात सतरंजीवर बसायची. टीचरम्मांना सोबत म्हणून मीही जायचे. पहिल्याच दिवशी टीचरम्मांनी प्रत्येकाला एका जुन्या पत्राची प्रत दिली, बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरात उतरवलेली. नव्यानं सासरी आलेल्या एका मुलीनं आईला लिहिलेलं. तूप संपलं, पाठव. इथे सगळे चांगले आहेत. मी चांगली आहे. तूप पाठव.

“कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, आणि काय लिहायचं टाळलं,” त्यांनी सांगितलं. “तीन उत्तरं. घाई नको.”

अकरा वर्षांची एक मुलगी होती, चष्मेवाली. ती म्हणाली, “मिस, हे हिस्टरी नाही. हा तर नुसता मेसेज आहे.”

“मग मेसेज वाच. तूप दोनदा का मागितलं?”

मुलीनं ओळींवर बोट ठेवत पत्र पुन्हा वाचलं. मग हळू म्हणाली, “तिला तिथे कोणी वाढत नाही.”

टीचरम्मांनी काही शाबासकी दिली नाही. “असेल,” म्हणाल्या. “आणखी कुठे दिसतं ते शोध.” पण घरी परत येताना त्यांनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घातला नाही, आणि असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी मोडी शिकले ती त्यांच्या मोतीबिंदूमुळे, हा वर्ग सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून. वाचताना त्यांना अक्षरांच्या जागी ढग दिसायला लागले होते, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. तिघांना दाखवून झालं होतं. दरम्यान कपाटातले कागद वाचायला डोळे हवे होते. “तू मिलिमीटरचे शंभर भाग बघतेस,” एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. “आणि तुला रस नाही. बस इथे.” मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला खालून टांगतात, हात न उचलता. दोन महिने मी नुसत्या रेघा ओढल्या. वर्षभरानं मला वाचता यायला लागलं, आणि रस नाही हे जे मी सांगितलं होतं ते खोटं पडत चाललं. मी त्यांना ते कळू दिलं नाही. घर सोडावं लागेल अशी भीती होती.

कपाटातलं सगळ्यांत मोलाचं पुडकं एका नाटकाचं होतं. टीचरम्मांच्या खापरपणजोबांनी ते लिहिलं असं घराणं सांगत आलं होतं. ते तंजावरला दरबारात नकलनवीस, म्हणजे हस्तलिखितांच्या सुबक प्रती करणारे. नाटकाच्या शेवटी त्यांचं नाव होतं, रेखीव अक्षरात. गोष्ट साधी: राजाच्या बागेतली माळीण राजाला फूल तोडू देत नाही. राजा म्हणतो, बाग माझी. ती म्हणते, “बाग तुमची म्हणता, तर पाणी कोणाचं?” त्या जागी टीचरम्मा नेहमी थांबत. कॅलेंडरवरही विश्वास न ठेवणारी ती बाई इथे मात्र ऊन पडल्यासारखी व्हायची. “पुरुषाचं लिहिणं आहे,” म्हणायच्या, “पण घागरीचं वजन त्याला ठाऊक आहे.”

वर्गाचे सहा महिने संपले आणि चिटणिसांनी कार्यक्रम काढला. ते नाटक मंडळ पुस्तिका म्हणून छापणार, मुलं त्यातला एक प्रवेश करणार, आणि घराण्याची वारस म्हणून टीचरम्मांचा सत्कार होणार. मला वाटलं त्या हाकलून देतील. त्या चार दिवस गप्प राहिल्या आणि पाचव्या दिवशी रेशमी साडी घेऊन आल्या, निळी, बारीक काठाची. घडी उलगडून मला दाखवली. “अप्पांनी बघायला पाहिजे होतं,” म्हणाल्या. त्यांना असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुस्तिकेच्या प्रस्तावनेसाठी घरातल्या माणसांची नावं, नाती हवी होती. त्यासाठी त्यांनी एक लहान पुडकं काढलं. वर अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘किरकोळ’. टीचरम्मांनी ते आजवर उघडलं नव्हतं. अप्पांनी किरकोळ म्हटलं म्हणजे किरकोळ. जगात त्यांनी ज्याचा शब्द तपासला नाही असा तो एकच माणूस.

आत सतरा चिटोरी होती. त्यांनी मोजून माझ्या हातात दिली आणि समोर बसल्या. बारशाची यादी, औषधाचा काढा, कोणाच्या तरी तीर्थयात्रेचा बेत. बारावा कागद वेगळा होता. अक्षर ओबडधोबड, लिहायची सवय नसलेलं. रेघ वाकडी. मी मनात वाचत गेले.

अंबूबाई नावाच्या विधवेनं तो नकलनविसांना लिहिला होता. मी माझे नाटक तुम्हांस सुबक प्रत करण्यास दिले. आपण प्रत केली आणि खाली आपले नाव घातले. मागावयास आले तर दारातून परत लाविले. आणि शेवटी: नाटक तुमचे म्हणता, तर माळीण कोणाची?

“काय आहे?” टीचरम्मांनी विचारलं. डोळ्यांवरच्या ढगातून त्या माझ्या दिशेनं बघत होत्या.

“लग्नाची यादी,” मी म्हटलं, आणि कागद माझ्या वहीत सरकवला.

मी असं का केलं? साडी आठवली. मुखपृष्ठ आणि नाटक छपाईला गेलं होतं, प्रस्तावना तेवढी बाकी होती. कार्यक्रमाला बारा दिवस होते. कारखान्यात मी नापास भाग कधी पेटीत राहू दिला नव्हता, आणि इथे एका आंधळ्या होत चाललेल्या बाईच्या समोर बसून तिलाच फसवलं. आपण दया दाखवतोय असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिटणिसांना भेटले. कोणाशी तरी बोलणं भाग होतं. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो पाहिला, मी वाचून दाखवलेलं शांतपणे ऐकलं.

“कार्यक्रम होऊ दे,” ते म्हणाले. “मग बघू. या वयात त्यांना हा धक्का कशाला? मुलांच्या मनावरही काय परिणाम होईल?”

मला ते पटलं. मी उठले. तेव्हा ते म्हणाले, “तो मूळ कागद माझ्याकडे आणून द्या ना. आमच्याकडे सुरक्षित राहील.”

त्या माणसाच्या मनात काही वाकडं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तो शब्द ऐकला आणि मला ओसरीवर बसलेले म्हातारे अप्पा दिसले, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी उद्या आणते म्हणून निघून आले आणि कागद दिला नाही. टीचरम्मांनाही दिला नाही. धीरच झाला नाही.

रविवारी त्यांनी पुडकं पुन्हा बांधायच्या आधी चिटोरी मोजली. बोटांनी, एकेक. सोळा. पुन्हा मोजली. मला हाक मारली नाही, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्या माझ्याशी मराठी बोलेनाशा झाल्या. पाणी आलं, गेट लाव, एवढंच, तेही तमिळमध्ये, भाडेकरूशी बोलावं तसं. चौथ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तर दारात उभ्या होत्या. माझी बॅग त्यांनी मागितली आणि मी दिली. त्यांनी आतलं सगळं हातानं चाचपून पाहिलं, डबासुद्धा उघडला. कागद असलेली वही वर माझ्या खोलीतच होती.

“महिनाअखेर खोली रिकामी कर,” त्या मराठीत म्हणाल्या. “रस नाही म्हणालीस म्हणून ठेवली होती.”

दिवसभर कारखान्यात माझं लक्ष लागलं नाही. चोर ठरून निघून जाणं सोपं होतं. त्यांची साडी, त्यांचा सत्कार, त्यांचे खापरपणजोबा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दुपारी मी अर्धी रजा टाकली.

त्या स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात धुतले, पुसले, भिंग आणलं. खिडकीशी उभं राहून वाचायला लागल्या. डोळ्यांना दिसेना तेव्हा मला वाचायला सांगितलं. मी वाचला. पुन्हा वाच म्हणाल्या. तीनदा वाचला.

“कधी सापडला?”

“आठ दिवस झाले. तेव्हाच, तुमच्यासमोर.”

“लग्नाची यादी.”

“हो.”

“आणखी कोणाला ठाऊक?”

“चिटणिसांना.”

“म्हणजे ज्या घरचं आहे ते घर सोडून अस्क्यांना.”

मी रडायला लागले. त्यांनी लक्ष दिलं नाही. पाल्याची परात बाजूला सारून त्यांनी कपाटातून ‘किरकोळ’ पुडकं आणलं, मांडीवर घेतलं आणि वरच्या अप्पांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग अगदी हलक्या आवाजात, माझ्याशी नाही तर स्वतःशीच बोलल्या.

“अप्पांनी वाचलं असेल की?”

याचं उत्तर आम्हाला दोघींनाही माहीत होतं. न वाचता कोणी किरकोळ लिहीत नाही.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “पण फाडला नाही. खापरपणजोबांनी फाडला नाही, अप्पांनी फाडला नाही. का नाही फाडला?” हा प्रश्न त्यांना मरेपर्यंत पुरला. त्या दिवशी तो विचारताना त्यांचा आवाज जरासा सावरला होता, एवढं खरं.

कार्यक्रमाला त्या निळी साडी नेसून आल्या. तासभर आधी आल्या आणि नऊ मुलांना घेऊन पुस्तिकांचे गठ्ठे ठेवले होते तिथे बसल्या. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. मुखपृष्ठावर नाटककार म्हणून छापलेल्या नावापुढे प्रत्येक प्रतीवर प्रश्नचिन्ह काढायचं आणि खाली लिहायचं, ‘अथवा अंबूबाई’. मुलं अगदी मन लावून लिहीत होती. चष्मेवाल्या मुलीनं विचारलं, “मिस, नाव खोडून का नाही टाकायचं?”

“कारण मला खात्री नाही. तिनं नाटक ऐकून खोटं पत्र लिहिलं असेल. असं होतं. आपण तपासायचं.”

चिटणीस आले तेव्हा निम्म्या प्रती झाल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. “बाई, हे नंतरही करता आलं असतं.”

“नंतर कोणी करत नाही,” त्या म्हणाल्या.

व्यासपीठावर त्यांनी शाल घेतली नाही. पत्र मला वाचायला लावलं, मूळ शब्दांत. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. “टीचर, असल्या गोष्टी घरात ठेवायच्या असतात. मुलांसमोर कशाला?”

“घरातच होत्या,” टीचरम्मा म्हणाल्या. “पावणेदोनशे वर्षं. आता आमच्या घरी जागा नाही.”

मग मुलांनी प्रवेश केला. माळिणीचं काम चष्मेवालीकडे होतं. तिचं वाक्य आलं तेव्हा ती राजाकडे न बघता समोर आमच्याकडे बघून बोलली, आणि काही लोकांनी माना खाली घातल्या. टाळ्या वाजल्या, पण थोड्या, इकडून तिकडून.

पुढच्या रविवारी मंडळाच्या कार्यालयाला कुलूप होतं. मुलांच्या परीक्षा आहेत, असा निरोप आला. परीक्षा कधी संपल्याच नाहीत. पाच मुलं गेली, चार राहिली, आणि वर्ग टीचरम्मांच्या ओसरीवर भरायला लागला. बंगळूरहून त्यांच्या भाच्याचा फोन आला की घराण्याचं नाव तुम्ही रस्त्यावर आणलंत. त्यांनी त्याला विचारलं, “कुठल्या नावाबद्दल बोलतोस?” आणि फोन ठेवला. पुढे दोनदा त्या तंजावरला जाऊन आल्या, अंबूबाईचं कोणी सापडतं का बघायला. कोणी सापडलं नाही. एक गल्ली सापडली, तिचं नाव बदललेलं होतं.

मला त्यांनी माफ केलं असं नाही म्हणता येणार. खोली रिकामी करायला सांगितली होती ती सांगितलीच. मी पेरुंगुडीला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला. दर रविवारी मात्र वाचायला जात राहिले, आणि आत जाताना बॅग ओसरीवर ठेवून जायची, हे न बोलता ठरलं. एकदा मी विचारलं, “अजून संशय आहे का?” त्या म्हणाल्या, “तू एकदा चांगल्या मनानं नेलंस. वाईट मनानं नेणारा ओळखू येतो. तुझं कठीण आहे.”

शेवटी चौथा डॉक्टर त्यांना पटला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, माझी गरज संपली. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पिठलं वाढलं आणि म्हणाल्या, “आमच्या घरचं तू वाचलंस. तुमच्या घरचं कोण वाचणार?”

मी म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्या गावच्या शाळेच्या दारावर पणजोबांचं नाव दगडात कोरलेलं आहे, जागा त्यांनी दिली म्हणून. एवढाच आमचा इतिहास.

“दगडात कोण कोरतं? स्वतः की दुसरा?” त्यांनी विचारलं आणि पिठलं पुन्हा वाढलं.

तीन आठवडे मी टाळलं. मग मिरजेला बाबांना फोन लावला. शाळेची जागा कशी दिली, काही कागद आहेत का, असं विचारलं. पलीकडे बाबा एकदम सावध झाले.

“कशाला पाहिजे तुला? जमिनीचं काही काढायचंय का? कोण शिकवतंय हे?”

“कोणी नाही. मलाच बघायचंय.”

“ट्रंकेत आहेत काही. मोडीत आहेत. कोणाला वाचता येत नाहीत.”

“मला येतात, बाबा.”

त्यांनी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी स्वतःहून केला. “दिवाळीला येशील तेव्हा बघ,” म्हणाले. “तुझ्या भावाला सांगू नकोस.”

दिवाळीच्या आधी टीचरम्मा गेल्या. सकाळी ओसरीवर पेपर वाचता वाचता. कपाट त्यांनी आधीच एका सार्वजनिक ग्रंथालयाला लिहून दिलं होतं: कागद कोणालाही बघू द्यावेत, कोणालाही नेऊ देऊ नयेत. ‘किरकोळ’ लिहिलेलं पुडकं वेगळं न ठेवता नाटकाबरोबर एकाच फडक्यात बांधावं, अशी स्वतंत्र सूचना होती.

दिवाळीत मी मिरजेला गेले. पाडव्याच्या दुपारी घर झोपलं होतं तेव्हा बाबांनी माळ्यावरून ट्रंक काढून दिली आणि समोर खुर्ची घेऊन बसले. मी वरचा कागद उलगडला. मोडी होती, अक्षर चांगलं, वाचायला सोपं. बाबा कागदाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

“काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

मी एकदा मनाशी वाचलं. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि लिहिलं होतं ते सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.